बसा खाली

भोंगा बागेत कधी बसत नाही. नदीकाठच्या त्या स्मृतिउद्यानात बाकं काय कमी आहेत? चांगली ऐसपैस, सावलीतली. पण हा गडी उजाडायच्या आत येतो, दगडावर कोरलेल्या नावांपुढे हात बांधून उभा राहतो आणि माणसं यायला लागली की चोरासारखा सटकतो. माळ्यानं एकदा विचारलंही, "अहो, आमच्या बाकांना काय काटे आहेत?" भोंगा हसला. हसला कसला, नुसते ओठ हलवले.

भोंगा हे नाव वहिनीनं ठेवलेलं. तेव्हा तो नावेवर होता, आणि आवाज असा की इकडे खाकरला तर पलीकडच्या काठावरची माणसं दचकायची. "भावजी, जरा हळू! भोंगा गिळलाय की काय?" वहिनी एकदा म्हणाली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याचं कामच ओरडायचं होतं. नावाडी मागे सुकाणू धरणार, हा पुढे उभा राहून माणसं सांभाळणार. नाव डुलली की माणसं घाबरून उठतात, सगळी एका अंगाला धावतात, आणि नाव उलटते ती त्यानंच. म्हणून जरा हेलकावा बसला की याची आरोळी ठरलेली, "बसा खाली! कुणी हलायचं नाही!" त्या आरोळीनं कितीदा तरी माणसं वाचली होती. तिचा त्याला तोरा केवढा!

त्या दिवशी नाव पाण्यातल्या मोडक्या खांबाला घासली. हा पुढे, भोक पडलं मागे. नेहमीचाच धक्का समजून यानं नेहमीचीच आरोळी ठोकली. वाळूचा उंचवटा अगदी जवळ होता. काही वांड पोरांनी ऐकलं नाही, धडाधड उड्या टाकल्या, ती वाचली. ज्यांनी ऐकलं ती बसून राहिली, आणि आता त्यांची नावं दगडावर आहेत. वहिनीचंही आहे.

वर लोकांनी याचीच पाठ थोपटली. म्हणे शेवटपर्यंत धीर देत होता बिचारा! त्या 'बिचारा'नं त्याला अन्न गोड लागेना. नावेवरचं काम सुटलं, आवाजही गेला. आता एका दुकानात काचा कापतो आणि गिऱ्हाइकाशी कुजबुजल्यासारखा बोलतो.

तो ओरडला होता हे जगाला ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती त्याला आतून कुरतडत होती. ती तो रोज पहाटे दगडाला सांगायचा. माणसाला सांगायची छाती नव्हती, आणि दादाला तर नाहीच नाही. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो बेकरीत भट्टीवर असतो. पाव सकाळी निघतात, म्हणून तो बागेत येतो संध्याकाळी. भोंग्यानं पहाट धरली ती हे सगळं हिशेबात घेऊनच. भित्रा कुठला!

पण परवा भट्टीचं वीटकाम निघालं आणि दादाला सुट्टी मिळाली. भोंगा फाटकातून आत शिरला तर दगडासमोरच्या बाकावर दादा बसलेला! मागे फिरावं तर दादानं बघितलं होतं.

"अरे, तू? ये, बस."

"नको दादा. उभा बरा आहे."

"बस म्हणतो ना. तुझ्याकडे बघून मान अवघडते माझी."

भोंगा हलला नाही. दादानंही मग नाद सोडला. दगडाकडे बघतच तो म्हणाला, "तुला एक विचारू? तू होतास तिथं. ती पोहायला आपल्या दोघांपेक्षा भारी होती. मग बसून का राहिली रे?"

भोंगा फाटकाकडे दोन पावलं सरकला.

"वाचलेला एकजण मला म्हणाला, ती शांत बसली होती, जागची हललीसुद्धा नाही." दादाचा आवाज चिरकला. "त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. बहिणीकडे निघाली होती. मी म्हणालो, गेलीस तर परत येऊ नकोस. तोंड आहे की काय आहे माझं! तिनं ते मनावर घेतलं रे. परत यायचंच नव्हतं तिला."

"नाही दादा!" भोंगा ओरडलाच. मग आवाज पुन्हा घशात गेला. "ती उठली होती. चपला काढल्या होत्या, एक पाय नावेच्या काठावर ठेवला होता. मीच म्हणालो, वहिनी, घरचं माणूस उठलं तर बाकीचे कशाला बसतील? तुम्ही आधी बसा. ती हसली आणि बसली. मग पाणी चढलं, आणि सगळ्यांनी तिलाच मिठ्या मारल्या. माझ्यामुळं गेली ती. माझ्या तोऱ्यामुळं."

दादानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे ती उडी मारणार होती?"

"हो."

"तिला यायचं होतं परत?"

"हो दादा."

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदगदत होते. भोंग्याला आता कुठं उमगलं. आपण गप्प बसलो ते स्वतःची कातडी वाचवायला, आणि तेवढी सगळी वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी इथं येऊन स्वतःला खुनी म्हणत होता. वहिनीला बसवलं ती चूक होती. गप्प बसणं ही चूक नव्हती, ते पाप होतं.

"आणि हे तू मला आज सांगतोस?" दादा म्हणाला.

दादानं बाकावर सरकून जागा केली नाही, की चालता हो असंही म्हटलं नाही. बाहीनं तोंड पुसलं.

"पुन्हा सांग. ती उठली तिथपासून."

भोंग्यानं सांगायला सुरुवात केली, तशीच, कुजबुजत.

"मोठ्यानं," दादा म्हणाला.