यकृताचा मुहूर्त

आमच्या औषधनिर्माण विभागात फीत कापल्याशिवाय काचेची नळीसुद्धा फुटत नाही. त्यामुळे अर्धशिशीच्या औषधाचं यकृत काय करतं, हे तपासण्याचा प्रयोगही प्रमुखांनी पाहुण्यांच्या शुभहस्ते ठरवला, याचं मला नवल वाटलं नाही. पाहुणे म्हणजे धंतोलीतले एक बडे डॉक्टर. त्यांनी औषधाचा थेंब नळीत टाकायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या.

प्रयोग करणारी मुलगी पारशिवनीकडची. यकृतातली विकरं, म्हणजे औषध पचवणारी द्रव्यं, तिच्याकडे शेवटच्या कुपीत उरली होती. नवी मागवली असती तर प्रबंधाची मुदत हुकली असती. पत्रिकेत अकराची वेळ, म्हणून तिनं कुपी फ्रीजरमधून काढली. साडेबारा झाले तरी पाहुण्यांची गाडी शहरातल्या सदर भागाच्या अलीकडे आली नव्हती.

"थोडं थांबवा ना ते," प्रमुख म्हणाले.

"सर, ते वितळून राहिलं. परत गोठवलं तं कामाचं राहत नाही."

"अहो, पाहुणे केवढे मोठे आहेत!"

यकृताला हे कुणी कळवलं नव्हतं.

प्रमुख हार बघायला गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथला सहायक प्राध्यापक, म्हणजे सतरंजी सरळ करणारा.

"करून टाक वं," मी म्हणालो.

तिनं औषध घातलं आणि दर पाच मिनिटांनी थोडं काढून मोजायला ठेवत गेली. पाहुणे आले तोवर तिचं काम आटोपलं होतं. त्यांच्यापुढे तिनं विकरं नसलेलं साधं द्रावण मांडलं. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं थेंब टाकला. टाळ्या झाल्या. मानवतेवर भाषणही झालं.

आठवड्यानं प्रमुखांनी पाहुण्यांच्या नळीचा निकाल मागितला.

"त्यातलं औषध जसंच्या तसं हाय, सर. काहीच झालं नाही."

"म्हणजे केवढं टिकाऊ औषध! हाच आलेख प्रबंधात घ्या. त्याशिवाय मी सही करणार नाही."

बाहेर येऊन ती मला म्हणाली, "खोटं काहून लिहू, सर?"

"नको लिहू."

तिनं स्वतःचाच आलेख घातला, ज्यात औषध हळूहळू पचत गेलेलं दिसत होतं. प्रबंध तिनं प्रमुखांच्या टेबलावर ठेवला. प्रमुखांनी मुखपृष्ठ निरखलं.

"माझी सगळी पदं आली का?"

"आली, सर. पाच ओळीत."

त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि प्रबंध न उघडता परत दिला.