काळ्या मातीतली कमान

पायाखालच्या जमिनीवर मुळीच विश्वास नसलेला अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला. भाऊजी कुणाच्या ओट्यावर बसायचे ते आधी टाच आपटून. लग्नाच्या मांडवात अक्षता हातात असतानाही त्यांचं लक्ष नवरीकडे नसे, तिच्या पाटाखाली काय असेल याकडे असे. रस्त्याखालचे पाइप आणि केबल शोधणाऱ्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर रडारचं मशीन ढकललं. निवृत्त होताना बाकीचे लोक घड्याळ घेऊन येतात. हे मोडीत निघालेलं मशीनच घेऊन उमरखेडला परतले आणि रत्नं शोधायला लागले.

रत्नं म्हणजे हिरे-माणकं नव्हेत. आपल्याकडच्या काळ्या खडकात पोकळ्या असतात, आणि एखादीत अकीक, एखादीत जांभळे स्फटिक भरलेले असतात. तीनचाकी गाडीवरचं ते मशीन जमिनीत लहरी सोडायचं आणि खाली पोकळी असली की पडद्यावर रेघांची कमान उमटायची. डोक्याला दुपट्टा बांधून भाऊजी उन्हाळाभर मुरमाड बरडावर ती गाडी ढकलत. येणारेजाणारे विचारत, "काय भाऊ, बिना बैलाचं वखरून राह्यले काय?" भाऊजी न हसता म्हणत, "कोनं पेरलं नाही, ते शोधून राह्यलो."

खोटं बोलायला मात्र त्यांची जीभ वळत नसे. एका व्यापाऱ्यानं त्यांना घरातलं गुप्तधन शोधायला बोलावलं. लिंबू, नारळ, मांत्रिक, सगळी जय्यत तयारी होती. कमान उमटली तशी व्यापाऱ्यानं हात जोडले. भाऊजी म्हणाले, "हा तुमच्या संडासाचा पाइप हाये, शेटजी. फुटला हाये, पहिले तो बदला." फुलसावंगीकडच्या एका बरडावर मात्र खरंच बटाट्यासारखा दगड निघाला आणि फोडल्यावर आत सगळं जांभळं लखलखलं. भाऊजींनी तो शेतमालकाला देऊन टाकला. मालकिणीनं तो पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला. मग काहीतरी निमित्त काढून भाऊजी तो पाहायला जात.

ताईला या दगडांचं काडीचं कौतुक नव्हतं. तिची पहिली मुलगी नाव ठेवायच्या आधीच गेली. आमच्याकडे एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बाया जात नाहीत. भाऊजी तेव्हा दूर कामावर होते. ताईच्या सासऱ्यांनी एकट्यानं नेऊन शेतात धुऱ्याजवळ, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाजवळ, पुरलं, वर बाभळीचा फाटा टाकला. पुढं सासरे गेले, धुरा मोडून दोन वावरांचं एक झालं, आणि जागा कुणालाच ठाऊक राहिली नाही. "दर साली तिच्यावरून वखर जाते," ताई एक दिवस म्हणाली. "दगडं सापडतेत तुमाले. माही पोरगी कुठी हाये, तेवढं पाहा ना एकडाव."

भाऊजींचा चेहरा उतरला. "काया मातीत मशीन आंधयी होते वं," ते म्हणाले. आपली चिकण माती लहरी पिऊन टाकते. आणि इतक्या वर्षांनी खाली काय उरलं असेल, हे बोलायची त्यांची हिंमत झाली नाही. मे महिन्यात माती भेगाळून कोरडी पडली तेव्हा त्यांनी गाडी बाहेर काढली. सकाळी जायचे, भर दुपारी काळेठिक्कर पडून परत यायचे. पडदा राखाडी तो राखाडीच. मी सोबत असायचो. त्यांची इतकी कीव मला कधीच आली नव्हती.

शेवटी एका सकाळी ताई स्वतःच शेतात आली. गाडीच्या मागं मागं थोडी चालली आणि म्हणाली, "दिसली काय?"

मी पडद्याकडे पाहिलं. काहीच नव्हतं. भाऊजींनी गाडी थांबवली, पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो. इथंच हाये. कमान आली."

ताई खाली बसली. ढेकळं बाजूला केली आणि मातीवर तळहात टेकून बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "केवढी सोडाची जागा?"

"पाळण्याएवढी," भाऊजी म्हणाले.

काळ्या मातीत मशीन आंधळं होतं, हे ताईला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. रोज जेवताना तिनं तेच ऐकलं होतं. पण तिनं पुन्हा काही विचारलं नाही. मशीन तेव्हापासून गोठ्यात पडून आहे. कुणी बोलावलं तर भाऊजी बिघडलं म्हणून सांगतात. यंदाही कापसाच्या ओळी शेताच्या मधोमध येऊन थांबल्यात, आणि तेवढी जागा सोडून पुढं गेल्यात.