होताना पाहिलेल्या सह्या

मागच्या डिसेंबरमध्ये मरीन परेडच्या आमच्या इमारतीतले एक निवृत्त ऑडिटर सिंगापूर कायमचं सोडून पुण्याला गेले. बरोबर पत्नी होत्या. फ्लॅट आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. चावी देताना त्यांनी एजंटला दारात थांबवून घेतलं, कुलूप लावायला सांगितलं, पुन्हा उघडायला सांगितलं आणि खटक्याचा आवाज ऐकून मगच ते लिफ्टकडे वळले.

त्यांचा आवडता शब्द होता ‘माझ्यादेखत’. कुरिअरवाला पार्सल दाराशी ठेवून त्याचा फोटो पाठवतो, हे त्यांना मान्य नव्हतं. “फोटो म्हणजे पुरावा नव्हे. माझ्यादेखत हातात द्या.” सुरमई त्यांच्यासमोरच कापली गेली पाहिजे. मी बातम्यांच्या डेस्कवर काम करते, हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पत्रकारबाई, ‘सूत्रांनी सांगितलं’ असं लिहिता, म्हणजे तुम्ही तिथे नव्हता ना?”

नव्हते, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. माझ्याबद्दलचं त्यांचं मत त्या दिवशी पक्कं झालं असावं. मी त्यांना काका म्हणत असे आणि ते मला शेवटपर्यंत पत्रकारबाई.

असा एखादा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर सापडू नये म्हणून आपण जिन्याने उतरतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी काकांना मीही तसंच टाळलं आहे. त्यांच्याकडे वेळ फार होता आणि बोलायला कोणी नव्हतं. काकू नोव्हेनाच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. संध्याकाळी त्या परत येत तेव्हा चपला काढायलाही त्यांना भिंतीचा आधार लागे.

चेंडूंवर सह्या जमवायच्या त्यांच्या छंदाची सुरुवात एका रविवारी सकाळी झाली. ईस्ट कोस्टच्या बाजूला एका मैदानावर लहान मुलांना बेसबॉल शिकवत. शिकवणारे एक तैवानी गृहस्थ होते. वय झालेले, डोक्यावर टोपी. काका बाकावर बसून बघत होते. मीही चालून दमले म्हणून शेजारी टेकले होते. एक चेंडू जाळीवरून उडून काकांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला, उलटसुलट केला. प्रशिक्षक जाळीपाशी आले तेव्हा चेंडू परत करायच्या ऐवजी काकांनी खिशातलं निळं बॉलपेन पुढे केलं.

“साइन, प्लीज.”

“अंकल, आय अ‍ॅम नोबडी, लाह,” प्रशिक्षक हसत म्हणाले.

“साइन.”

त्यांनी सही केली. काका मान वाकवून पेनाचं टोक फिरताना बघत राहिले. परतीच्या वाटेवर मी विचारलं, हे काय होतं?

“जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या,” ते म्हणाले. “हजारो. एकही होताना पाहिली नाही.”

क्रिकेटचा चेंडू का नाही, हेही मी विचारलं. काका पुण्यात कॉलेजकडून खेळलेले होते. “लाल कातड्यावर निळी शाई काय दिसणार?” एवढंच उत्तर आलं.

मग त्यांनी रीतसर अभ्यास केला. सही मार्करने घ्यायची नाही, पसरते. दोन शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात त्या अरुंद जागेवरच घ्यायची. चेंडूला उघडा हात लावायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही. इथल्या दमट हवेत कातड्याला बुरशी धरते, म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवतात तसलं कोरडं कपाट त्यांनी घरी आणलं. आत चेंडू, बाहेर आर्द्रतेचा आकडा.

“माझे पापड सादळतात, त्यांना साधा डबा,” काकू म्हणाल्या. “आणि चेंडूंना एअरकंडिशन!”

“पापडांवर सही घेऊन ये, त्यांनाही ठेवतो.”

संग्रहाचा नियम एकच होता. समोर बसून पाहिलेली सहीच घ्यायची. सिंगापुरात बेसबॉलचा मोठा खेळाडू कशाला येतो? त्यामुळे कपाटात जी माणसं जमली ती अशी: तैवानी प्रशिक्षक, हौशी संघातला एक जपानी दंतवैद्य, एक कोरियन शिक्षिका, हात मोडल्यामुळे डाव्या हाताने सही करणारा एक अमेरिकन. यांची नावं तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. काकांना प्रत्येकाची सही करायची लकब पाठ होती. “दंतवैद्य आधी शेवटचं अक्षर ठरवतो. मग सुरुवात करतो. पाहिलंय मी.”

एका दिवाळीत ओळखीतला एक तरुण बँकवाला अमेरिकेहून त्यांच्यासाठी भेट घेऊन आला. नामांकित खेळाडूच्या सहीचा चेंडू, काचेच्या चौकटीत, चमकणाऱ्या शिक्क्यासह. काकू चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आल्या तोवर काकांनी चौकट उघडली होती.

“तू पाहिलंस त्याला सही करताना?”

“काका, सर्टिफिकेट आहे ना त्याबरोबर.”

“अरे, सर्टिफिकेटांवरच माझी हयात गेली.”

पुढच्या रविवारी तो चेंडू मैदानावर सरावात होता. बँकवाल्याच्या कानावर ते गेलं तेव्हा तो धावतच काकांकडे आला. “काका, अहो, तो चेंडू…”

“उत्तम आहे,” काका म्हणाले. “उसळी छान घेतो.”

हसण्यासारखं इथवरच आहे.

काचबिंदू कधीपासून होता ते नक्की कोणालाच सांगता आलं नाही. काकांनी सांगितलं नाही आणि काकूंना फुरसत नव्हती. कडेचं दिसणं आधी गेलं. सही घेताना ते पूर्वी मान वाकवत. पुढे पेनाचं टोक शोधण्यासाठी मान डावीउजवीकडे फिरवू लागले. एकदा समोरच्याने सही करून चेंडू परत केला तरी काका त्याच्या मोकळ्या हाताकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी नवी सही घेतली नाही. विचारलं तर म्हणत, “कपाट भरलं.” कपाटात निम्मी जागा रिकामी होती.

नोव्हेनाला फेऱ्या सुरू झाल्या. काकू ज्या इस्पितळात नोकरी करत तिथेच त्या आता बाहेरच्या खुर्चीवर नंबराची वाट बघत बसत. थेंब घातले, शस्त्रक्रिया झाली. गेलेलं परत येणार नाही, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकूंनी राजीनामा दिला. पुण्याला कोथरूडमध्ये त्यांच्या बहिणीच्या शेजारी जागा बघून ठेवली. तैवानी प्रशिक्षक त्याआधीच निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. त्यांचा पत्ता मैदानावर कोणाकडेच नव्हता.

गेला दसरा त्यांचा इथला शेवटचा. काकूंच्या घरी त्या दिवशी रोजच्या वापरातल्या वस्तूंची पूजा होते. दरवर्षी पाटावर लॅपटॉप, विळी, शिवणाची कात्री असे. या वेळी काका आत झोपले असताना काकूंनी कपाट उघडलं आणि चेंडूही पाटावर मांडले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या कपाटाला हात लावलेला नव्हता. लिटिल इंडियातून आणलेला झेंडू वाहिला. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू प्रत्येक चेंडूला लावलं. कुठे लावलं? दोन शिवणी जिथे जवळ येतात तिथे. कपाळासारखी जागा तीच दिसते.

सह्या झाकल्या गेल्याचं लक्षात आलं तेव्हा हळद वाळली होती. काकूंनी सवयीने प्रयोगशाळेतल्यासारखा स्पिरिटचा बोळा घेतला आणि पहिला चेंडू पुसला. कुंकू निघालं. त्याबरोबर बॉलपेनची शाईही निघाली. प्रशिक्षकांची सही होती तिथे फिकट जांभळा ओरखडा उरला. बाकीच्या चेंडूंना त्यांनी हात लावला नाही.

त्या चेंडू पदराखाली घेऊन माझ्याकडे आल्या.

“सगळ्यात आधीचा होता गं हा. आता कसं सांगू?”

मी म्हणाले, “काकू, त्यांना ते दिसणार नाही.”

“म्हणूनच तर,” त्या म्हणाल्या.

मी दिलेलं पाणीही त्या प्यायल्या नाहीत. मग उठल्या आणि म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर.”

काका जागे झाले होते. काकूंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. झेंडू, हळद, स्पिरिट, काही वगळलं नाही. काकांनी हात पुढे केला. चेंडू घेतला, अंगठ्याने शिवण शोधली, त्या अरुंद जागेवरून अंगठा दोनदा फिरवला.

“सगळं गेलं?”

“सगळं. जांभळट डाग आहे.”

“एकही अक्षर नाही?”

“नाही हो.”

ते चेंडू हातातल्या हातात फिरवत राहिले. खाली रस्त्यावर बस थांबून निघून गेली.

“पत्रकारबाई आहेत का इथे?”

“आहे, काका.”

“माझं पेन टीव्हीजवळ आहे. तिला द्या.”

काकू मागे सरकल्या. “मी काय करू पेनाचं?”

“सही कर.”

“अहो, मी कोण? मला खेळातलं ओ की ठो कळत नाही.”

“पूजा कोणी केली? कर.”

काकांनी चेंडू दोन्ही तळव्यांत घट्ट धरला, अरुंद जागा वर ठेवून. काकूंनी डागावरच सही केली. एकेक अक्षर त्या सावकाश काढत होत्या. पेन दाबलं जाईल तिथे काका बोटांची पकड सैल करत, पुन्हा घट्ट करत. सही संपल्याचं कोणी सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच मान वर केली.

“वेलांटी मोडलीस मध्येच.”

“हात थरथरला,” काकू म्हणाल्या.

उरलेले चेंडू काकांनी हळदीसकट मैदानावर देऊन टाकले. “मला बघता येत नाहीत ते बंद करून काय ठेवायचे? खेळू देत.” कोरडं कपाट इमारतीतल्या एका छायाचित्रकाराने नेलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकूंनी पुण्याहून फोनवर सांगितलं. विमानतळावरच्या तपासणीत काकांच्या पिशवीतला चेंडू बाहेर काढला गेला. ड्युटीवरच्या मुलीने तो फिरवून बघितला.

“वाह, अंकल, हू साइन?”

“माय वाइफ.”

“अंटी प्ले बेसबॉल, अह?”

“नो,” काका म्हणाले. “शी स्पॉइल्ड वन.”

“सगळ्या रांगेसमोर गं!” काकू म्हणाल्या. मुलीने चेंडू ट्रेमध्ये परत ठेवला. काकूंनी तो उचलून काकांच्या हातात दिला. विमान वेळेवर सुटलं.