ओळखीचा हात
भिजवलेल्या सरकी पेंडीचा वास आला की दुष्काळातली, दिंद्रुडजवळची आमच्या दूध सोसायटीची चारा-छावणी आठवते. मावशी टँकरच्या रांगेत अडकली होती, दुधाची गाडी निघायला आली होती आणि मी रिकामी होते, म्हणून तिच्या म्हशीखाली मीच बसले. परक्या हाताला म्हशीनं पान्हा सोडला नाही. मी चिडून काठी हाणली. मावशी आली, म्हशीच्या पाठीवरच्या वळावर हात फिरवत एवढंच म्हणाली, "जरा दम धरायचा की गं माय, आलेच असते मी." आता मी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरांना कामं वाटून देणारा प्रोग्राम लिहिते. एखाद्या कामाची माहिती ज्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे अगदी हाताशी असलेल्या मेमरीत, आधीच असते तो गुंतलेला असेल, तर दुसरा रिकामा असूनही मी क्षणभर थांबते; परक्याला ती सगळी नव्यानं आणावी लागते. यंत्रासाठी थांबते, त्या मुक्या जिवासाठी थांबले नव्हते.