वरची चाल, खालची चाल

वैद्यांनी मला घोड्यावर बसायची मनाई केली, त्या वर्षी माझी पन्नाशी उलटून गेली होती. कंबरेचे दुखणे जुने होते, पण शाळातपासणीच्या नोकरीत घोड्यावाचून भागत नसे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या शाळा हिंडून पाहाव्या लागत, आणि त्यांतल्या पुष्कळशा चढावर होत्या. आमचे नवे डेप्युटीसाहेब वयाने माझ्याहून बरेच लहान, पण बोलण्यात अदब सांभाळणारे होते. त्यांनी मला घोडेगावच्या मुक्कामी बोलावून सांगितले की, फिरती झेपत नसेल तर पुण्याच्या कचेरीत एक बैठी जागा रिकामी होत आहे. हिवाळा संपण्यापूर्वी मी काय ते कळवावे.

असली जागा दुसऱ्या कोणी आनंदाने पत्करली असती. पण आमचा एकुलता मुलगा पुण्यात शिकत असताना प्लेगच्या साथीत तिथेच गेला होता. तेव्हापासून माझी पत्नी पुण्याचे नाव घेत नसे; 'तिकडे' एवढेच म्हणे. मी साहेबांचे म्हणणे तिच्या कानावर घातले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही जा. मी इथेच राहीन." त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. तिला एकटीला मागे ठेवणे मला शक्य नव्हते, आणि तिकडे नेणे त्याहून शक्य नव्हते. फिरती टिकवणे एवढाच मार्ग उरला.

आमचे बिऱ्हाड जुन्नरला होते. तिथल्या पेठेत माझे एक मुसलमान स्नेही कागदाचा व्यापार करीत. त्यांच्या घराण्यात पूर्वी हाताने कागद बनवीत. गिरणीचा कागद स्वस्त मिळू लागल्यापासून धंदा नुसता कागद विकण्यावर आला होता. मी एकेकाळी पंतोजी होतो म्हणून ते मला मास्तर म्हणत, मी त्यांना भाई म्हणे. भाईंनी मुंबईहून एक बायसिकल आणवली होती. तिच्या मागच्या चाकाच्या मध्यावरच्या तुंब्यात दात्यांची लहान चक्रे बसवलेली होती, आणि मुठीजवळचा खटका ओढला की गाडीची चाल बदले. अशा दोन चाली तिला होत्या. चढ आला की दुसरी लावायची, एवढे भाई सांगत. तुंब्याच्या आत काय घडते ते त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. घोड्याच्या जागी हीच वस्तू घ्यावी असे मी ठरवले. फक्त, दोहोंपेक्षा तीन बऱ्या असे मानून मी तीन चालींच्या तुंब्याची गाडी मागवली.

गाडीबरोबर इंग्रजी पत्रक आले. खटक्याच्या तीन जागांना त्यात हाय, नॉर्मल आणि लो अशी नावे होती. मुलांना भाषांतर शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली होती. मी त्या नावांचे वरची, मधली आणि खालची असे मराठी केले, भाईंकडून कागदाची एक पट्टी आणून तीवर ती अक्षरे सुबक लिहिली आणि पट्टी खटक्याशेजारी खळीने चिकटवली. वरची चाल वर जाण्यासाठी, खालची खाली उतरण्यासाठी, मधली सपाटीसाठी. ही व्यवस्था मला इतकी उघड वाटली की पत्रकातला पुढचा मजकूर मी चाळून ठेवून दिला.

सपाटीवर आम्ही दोन्ही गाड्या पुष्कळ वेळा जोडीने चालवून पाहिल्या. भाईंच्या तुंब्यातून चालताना टकटक असा आवाज येई. माझा तुंबा जवळजवळ मुका होता. त्यांचा खटका घट्ट होता आणि कधीकधी दोन्ही हातांनी ओढावा लागे. माझा बोटाने हले. याउलट त्यांच्या गाडीची चाल एकदा बसली की बसली. माझ्या गाडीत मधली आणि वरची यांच्यामध्ये एक जागा अशी होती की खटका तिथे अडकला तर पाय नुसते हवेत फिरत आणि चाकाला त्याची वार्ताही नसे. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा माझी नडगी सोलवटून निघाली. तरीही, दुकानाच्या पायरीवर बसून तुलना करताना मी माझ्या तुंब्याची बाजू सोडली नाही.

"मधली चाल तुमच्याकडे नाहीच, भाई."

"न्हाई ती बरी," भाई म्हणाले. "जास्त चाली म्हंजे जास्त भानगडी."

खरी परीक्षा चढावर होती. पठारावरच्या आणे गावची शाळा माझ्या तपासणीत होती आणि बेल्ह्याच्या पुढे तिकडे घाट चढावा लागे. पायथ्याशी येताच मी खटका वरच्या चालीवर नेला. गाडी जागच्या जागी जड झाली. मी उभा राहून सगळे वजन पायांवर टाकले, मांड्या थरथरू लागल्या, छाती भात्यासारखी हलू लागली आणि पहिल्याच वळणापाशी मी खाली उतरलो. मग गाडी ढकलीत वर गेलो. वरून येणाऱ्या एका गाडीवानाने बैल थांबवून मला निरखले.

"पावणं, ह्या गाडीवर तुमी बसायचं का तिनं तुमच्यावर?"

"घाट आहे ना," मी म्हणालो.

"मंग जुपू का माजा बैल म्होरं?"

त्याला हसू आवरत नव्हते. मीही हसलो, पण मनातून वाईट वाटले. शाळेत पोहोचलो तोवर घंटा होऊन मुले घरी गेली होती.

त्यानंतर मी त्या घाटाला पुन्हा पुन्हा भिडलो. पेठ गावाच्या चढावरही तेच झाले. सकाळचा चहा सोडला, रात्रीचे जेवण निम्म्यावर आणले, पहाटे अंगणात जोर काढू लागलो. गाडीला तेल दिले, साखळी पुसली, चाकांत हवा भरली. वरची चाल लावली की जडपणा ठरलेला. चिडून मी एकदा खटक्यावर मूठ आपटली आणि हाताला लागलेले रक्त पाहून स्वतःचीच लाज वाटली. आज विचार करतो तेव्हा नवल वाटते की, यंत्राविषयी शंका मला एकदाही आली नाही. मुलगा गेल्यापासून कोणताही त्रास मला अनुचित वाटेनासा झाला होता. पाय भरून आले की, हे आपल्या वाट्याचेच आहे, असे मन निमूटपणे म्हणे. ज्या चालीत एवढी ताकद लागते ती चढाचीच असणार, आणि उणेपणा असेल तर माझ्या पायांत, अशी माझी समजूत होती. या समजुतीला मी नम्रता म्हणत असे.

भाईंच्या थट्टेला मात्र ऊत आला होता. "मास्तर, तुमची गाडी तीन चालींची खरी, पन तिन्ही चालींत तुमी पायीच दिसता."

अखेर मी घोडेगावला जाऊन साहेबांना सांगून टाकले की, माझे पाय गेले, फिरती माझ्याने होणार नाही. ते खेदाने "बरं" म्हणाले. पत्नीला हे सांगण्याचा धीर मला झाला नाही.

आण्याची शाळा तेवढी शेवटची पाहून यावी म्हणून मी निघालो. भाईंचे तिकडे कामही होते आणि मला एकट्याला जाऊ देणे त्यांना बरे वाटेना. घाटाच्या पायथ्याशी ते म्हणाले, "आज गाड्या बदलू. तुमची काय एवढी मानी हाय ती बघू तरी."

मी त्यांच्या गाडीवर बसलो. दुसरी चाल लावली आणि टकटक करीत, धापा टाकीत का होईना, पहिले वळण ओलांडून बराच वर गेलो. मागे पाहिले तर भाई, जे माझ्याहून अंगाने दणकट होते, उतरून गाडी ढकलीत होते. त्यांच्या टोपीखालून घाम निथळत होता.

"वरचीच लावली ना?" मी ओरडलो.

"वरचीच! ही चाल न्हाई मास्तर, ही शिक्षा हाय!"

एवढे पाहूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. भाईंना सवय नाही, असे मी मनाशी म्हटले.

शाळा पाहून परतताना गाड्या तशाच राहिल्या. उताराला लागताच पट्टीवर पाहून भाईंनी खालची चाल लावली. पाय चाकाला पुरे पडेनात, म्हणून त्यांनी ते मारणेच सोडले आणि गाडी नुसती वाहू दिली. घाट संपल्यावर एक ओढा लागतो. तो उतरून पलीकडचा काठ चढताना मी नेहमीसारखा धापा टाकीत होतो. आणि भाई माझ्या शेजारून, पाय भराभर फिरवीत, गाणे गुणगुणत वर निघून गेले.

काठावर थांबून ते माझी वाट पाहत होते. "मास्तर, ही तर उडती!"

"वरची लावली असेल."

"कायबी लावलं न्हाई. घाट उतरताना व्हती तीच हाय. खालची."

मी गाडी त्यांच्या हातातून घेतली, ओढ्यात उतरलो आणि खालच्या चालीत पुन्हा वर आलो. मग वरच्या चालीत. मग पुन्हा खालच्या. तिसऱ्या खेपेला मी काठावर बसलो. जिला ते पत्रक हाय म्हणत होते, ती उंची रस्त्याची नव्हतीच. पायाच्या एका फेऱ्यात चाक किती लांब जाते, त्या मापाची ती उंची होती. लांब जाणारी ती हाय, थोडे जाणारी ती लो. आणि थोडे जाणारीच चढावर हलकी. इतके महिने प्रत्येक चढावर मी जडात जड चाल निवडून घेत होतो.

"म्हंजे वरची चाल खाली जायला आन् खालची वर जायला?" भाई म्हणाले. "ह्ये कुटलं शास्तर?" मग पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "कागद माझा व्हता खरा. पन चूक कागदाची न्हाई बरं का."

त्यांच्याबरोबर मला हसता आले नाही. तिथूनच मी गाडी फिरवली आणि खालच्या चालीत घाट चढून गेलो. एकदा उतरावे लागले, तेही दम खाण्यापुरते. माथ्यावर आनंद व्हायला हवा होता. झाली ती चीडच. तीन चालींचा तुंबा भाईंच्या तुंब्याहून सरस ठरला होता, आणि तो सरस आहे हे कळण्याआधीच मी स्वतःच्या पायांविरुद्ध साक्ष देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी घोडेगाव गाठले. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकले.

"पण पाय गेले असं तुम्हीच म्हणालात."

"पाय नव्हते गेले, साहेब. माझं भाषांतर चुकलं होतं."

ते किंचित हसले आणि लगेच गंभीर झाले. माझ्याकडच्या शाळा दुसऱ्या एका तरुण मनुष्याला देऊन झाल्या होत्या. हुकूम निघाला होता. पुण्याची जागा तेवढी अजून भरली नव्हती. मी उठलो नाही. विनंती करण्याची मला सवय नव्हती. तरी विचारले, "दुसरं काहीच नाही?"

"पश्चिमेची डोंगरी गावं आहेत," ते म्हणाले. "तिथं जायला कोणी तयार होत नाही. राहायचं इथं घोडेगावला. पण तिकडे सडक नाही, तुमची बायसिकल चालायची नाही. पायवाटांनी चालत जावं लागेल."

"चालत जाईन," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर प्रत्येक चढ मी न उतरता पार केला आणि प्रत्येक चढाबरोबर मनाचा जळफळाट वाढत गेला. ज्या गाडीसाठी एवढा जीव काढला, ती नेमकी वळणावर आली आणि तिला चालायला रस्ताच उरला नाही. घरी पोहोचलो तो त्याच तिरमिरीत. पत्नीला सारे सांगितले: आणे हातचे गेले, गाडी व्यर्थ गेली, या वयात डोंगर पायी तुडवायचे आले.

ती ऐकत होती. माझे बोलणे संपल्यावर तिने एवढेच विचारले, "म्हणजे तिकडे जायचं नाही ना?"

"नाही. घोडेगावला."

ती उठली, फळीवरची भांडी एकेक करून खाली काढू लागली. पाठमोरीच म्हणाली, "अहो, घोडेगावला पाणी कुठून भरतात?"