ग्रंथालयामागची जागा

आमच्या ओहायोतल्या विद्यापीठात पार्किंगचं नियोजन लोर्ना वेसली करते. तिची स्वतःची गाडी मात्र स्टेडियमपाशी, वीस मिनिटांच्या अंतरावर असते. ग्रंथालयामागच्या जागेसाठी ती अठरा वर्षं प्रतीक्षायादीत होती आणि यंदा पहिल्या नंबरवर आली होती. समोरच्या टेबलावरचा वेंडेल तिथेच गाडी लावायचा. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले. ती पगाराचे कागद भरत होती, तेवढ्यात त्याने यादीत नाव घातलं.

"बाहेर फार बर्फ आहे का गं?" तो रोज कोरड्या बुटांनी विचारायचा.

"खिडकीतून बघ की. तुला कुठं चालायचंय!"

मग बसमार्गासाठी निधी मंजूर झाला. ग्रंथालयामागची गाड्यांची एक रांग काढायची होती आणि कुठली, ते लोर्नाने सुचवायचं होतं. तिने तीन महिने वर्दळ मोजली, चार नकाशे काढले आणि वेंडेलचीच रांग जावी असा शास्त्रीय निष्कर्ष काढला. समितीने अहवालाची स्तुती केली.

"लोर्ना, माझी जागा गेली गं."

"अरेरे," ती म्हणाली. इतक्या समाधानाचं अरेरे मी आजवर ऐकलं नव्हतं.

"पण तुझा तो नियम आहे ना? कामासाठी ज्याची जागा काढली, त्याचं नाव यादीत सगळ्यांच्या वर."

त्या रांगेत अकरा गाड्या होत्या. लोर्ना आता बाराव्या नंबरवर आहे. मार्चमध्ये एक प्राध्यापक निवृत्त झाले आणि वेंडेलला त्यांची जागा मिळाली. तिच्यावर छप्पर आहे.