इमानवाल्या बाई

बाईंकडे जायचं असेल तर अत्तर, सेंट, डोक्याला वासाचं तेल, असलं काही लावून जायचं नाही. बाईंच्या ओळखीतल्या सगळ्यांना हा नियम पाठ होता. कुणी विसरून आलंच, तर त्या त्याला शेडच्या दारातच थांबवायच्या आणि चहा बाहेर लिंबाखाली पाठवायच्या. यात अपमान करायचा हेतू नसे. त्यांना नाक मोकळं लागायचं. पेट्रोलचा थेंब कुठे पाझरला तर तो डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतो आणि नाकाला एकदा गुलाबाची सवय लागली की ते कामाचं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. माझा मेहुणा लग्नाची पत्रिका द्यायला आला तेव्हा त्यालाही त्यांनी असंच बाहेर उभं केलं. त्यानं मला विचारलं, "आत काय देव बसवलाय का?" मी म्हणालो, "नाय. इमान हाय."

आमच्या पिंपळगावात जुनी माणसं विमानाला इमानच म्हणतात. त्यामुळे इमानवाल्या बाई हे नाव कुणी ठेवावं लागलं नाही, ते आपोआप पडलं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले. बाईंच्या तो ऐकताक्षणीच आला होता आणि त्या त्यावर खूश होत्या.

बाई नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. पन्नाशीत, सुट्ट्या साठवून साठवून, विमान चालवायला शिकल्या. निवृत्त झाल्यावर परदेशातून एका लहान, दोन माणसांच्या विमानाचे सुटे भाग मागवले. घरी बसून जोडायचं विमान. गंगापूर रोडला त्यांचा फ्लॅट होता. तिथल्या सोसायटीनं पार्किंगमध्ये पंख ठेवायला हरकत घेतली. मग जागेची शोधाशोध झाली आणि कुणीतरी त्यांना आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमागची जुनी शेड सुचवली. आम्ही तिथं पूर्वी क्रेट रचून ठेवायचो, नवीन शेड बांधल्यापासून ती रिकामीच होती. बाई आल्या, पावलांनी लांबी-रुंदी मोजली, वरच्या पत्र्यांकडे बघितलं आणि उंदीर आहेत का असं विचारलं. मी म्हणालो, आहेत. त्या म्हणाल्या, मग मांजर आणा. त्यांची-माझी ओळख एवढ्या बोलण्यावर पक्की झाली.

असलं काही करावंसं का वाटलं, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की नोकरीभर त्यांनी मुलांकडून परीक्षेसाठी लोखंडाचे तुकडे घासून घेतले. एकाच्या खाचेत दुसरा अगदी नेमका बसला पाहिजे. मुलं जीव तोडून घासायची, बाई गुण द्यायच्या आणि वर्ष संपलं की सगळं भंगारात जायचं. "इतक्या हातांनी इतकं नेमकं काम केलं, आणि त्यातलं काहीच कुणी वापरलं नाही. एक तरी वस्तू वापरात येईल अशी करायची होती."

तसं ते विमान उभं राहायला वेळ लागला, पण मला खऱ्या बाई दिसल्या त्या पेट्रोलच्या नळ्या बसवताना. टाक्या दोन, दोन्ही पंखांत. तिथून अॅल्युमिनियमची एकेक नळी दाराच्या खांबाच्या मागून खाली उतरायची, दोन्ही पोटाखाली एकत्र यायच्या, तिथून चालू-बंद करायची तोटी, मग फिल्टर, मग इंजिन. ऐकायला सोपं वाटतं. मी तर ठिबकवाला माणूस, बागेत मैलोगणती नळ्या पसरलेला. मला वाटलं, दोन दिवसांत होईल. बाईंनी एकेक नळी हातभर लांबीची कापून, कडा घासून, आतून हवेनं फुंकून, दोन्ही तोंडांना बुचं लावून ठेवायला सुरुवात केली तेव्हा मी मनातल्या मनात हंगामाचा हिशेब करायला लागलो.

एका जोडावर मी सवयीनं पांढरी टेप गुंडाळायला घेतली. आम्ही मोटरीपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळीकडे ती गुंडाळतो. बाईंनी माझ्या हातातून ती अलगद काढून घेतली. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं, ते जोडाच्या उतारावर बरोबर बसतं, नट आवळला की झालं. टेपचा एक धागा जरी सुटून आत गेला तरी वाटेत कुठेतरी जाऊन अडकणार. "दोन धातूंना एकमेकांना नीट भेटू द्या, दत्ताभाऊ. मध्यस्थ कशाला?" मी म्हणालो, आमच्याकडं टेपनं चालतंय की. त्यावर त्या हसल्या. "चालायचं असतं तर मीही लावली असती. हे उडायचं आहे."

त्यांच्या हातून चुका होत नसत असं मुळीच नाही. नळीचं तोंड फुलवायच्या आधी नट नळीत ओवून घ्यावा लागतो, कारण नंतर तो जात नाही. एकदा बाईंनी अतिशय सुरेख तोंड फुलवलं, ते उजेडात धरून मला दाखवलं, आणि दोघांनी खाली बघितलं तर नट टेबलावर. त्यांनी शांतपणे ती नळी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. मग मात्र त्या स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वर्गात कुणी हे केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं, म्हणाल्या.

माझी आई सुरुवातीला शेडकडे फिरकायची नाही. बाईमाणसानं एकटीनं हे काय मांडलंय, असं तिचं मत होतं. पण बाई दुपारी डबा उघडताना तिला हाक मारायच्या, आक्का म्हणायच्या, आणि आईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर त्यांचा फार जीव. हळूहळू आई शेडमध्ये बसायला लागली. मग एक दिवस ती म्हणाली की या खुर्च्या अशा उघड्या बऱ्या दिसत नाहीत. तिनं आपलं शिलाई मशीन शेडमध्ये आणवलं. बसायच्या जागांची कव्हरं शिवली, आतल्या बाजूचं अस्तर शिवलं, आणि अस्तराच्या कडेला कुणी न सांगता बारीक निळी गोट लावली. बाईंनी ती गोट बघितली आणि नुसता तिच्यावरून हात फिरवला. आई दोन दिवस खुशीत होती.

त्याच सुमाराला एकदा बाई नळीची कड घासत बसल्या होत्या. घासता घासताच म्हणाल्या, "मला हे उडवता येणार नाही आता. बसता येईल." वैमानिकाला अधूनमधून डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी लागते. त्यात त्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकतात असं निघालं होतं. मला वाटलं, आता हे इथंच थांबणार. त्यांनी नळीवर फुंकर मारली, बोटानं कड चाचपली आणि पुढची नळी मागितली. त्यांचा एक जुना विद्यार्थी होता समीर, चाळिशी ओलांडलेला. तो विमान चालवायला शिकवण्याचं काम करायचा. विमान तो उडवणार असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

मग पेट्रोलच्या चाचणीचा दिवस आला. विमान चढताना नाक वर करून असतं. तेव्हाही इंजिनाला पेट्रोल पुरतं का, हे बघायचं होतं. आम्ही पुढचं चाक लाकडी पॅलेटवर चढवून विमान शेडमध्येच तसं तिरकं उभं केलं, इंजिनाकडची नळी सोडून तिचं तोंड कॅनमध्ये धरलं, आणि बाई घड्याळ घेऊन खाली बसल्या. डाव्या टाकीतून पेट्रोल सुतासारखं सरळ आलं. उजव्या टाकीतून आलं, पण मध्येच बारीक व्हायचं, गुळणी केल्यासारखा आवाज यायचा, मग पुन्हा नीट. तरीही मोजलं तेव्हा इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्तच भरलं. तपासणीचे अधिकारी दोन दिवसांनी येणार होते. समीरनं रजा काढली होती. मी म्हणालो, "बाई, पुरून उरतंय की."

"पुरतंय," त्या म्हणाल्या. "पण अडखळतंय. का अडखळतंय ते मला कळलंय. कळल्यावर समीरला त्यात कसं बसवू?"

उजवी नळी दाराच्या खांबामागे कमरेचा पट्टा अडकवायच्या एका बोल्टला वळसा घालून जायची. तो वळसा घालताना नळी खाली उतरायच्या आधी किंचित वर चढली होती. बोटाच्या पेराएवढा उंचवटा. त्यात हवा अडकून बसायची आणि पेट्रोलला वाट मागावी लागायची. ती नळी बाईंनीच वाकवली होती. इतकी छान वाकली की मी तिच्याकडे नुसती बघतच राहिले, उंचवटा दिसलाच नाही, म्हणाल्या.

आता नळी बदलायची तर अस्तर काढायला हवं होतं, आणि अस्तर खांबाशी आईनं हातानं पक्कं शिवून टाकलं होतं. बाई कात्री हातात घेऊन उभ्या राहिल्या, पण कापवेना. मला वाटतं, डॉक्टरांचं सांगताना झाल्या नव्हत्या एवढ्या त्या तेव्हा कानकोंड्या झाल्या होत्या. आई दारात बसून सगळं ऐकत होती. ती उठली, त्यांच्या हातातून कात्री घेतली आणि निळ्या गोटेपासून उसवायला लागली. बाईंना म्हणाली, "बाही आवळली तर ब्लाऊज उसवत नाय का आपण? इथं तर कुणाचं तरी पोरगं बसायचंय."

दोघी दोन दिवस त्या शेडमध्येच होत्या. बाईंनी नळी खांबाच्या दुसऱ्या बाजूनं, टाकीपासून तळापर्यंत सतत उतरती नेली. जिथं पत्र्यातून जाते तिथं घासू नये म्हणून रबराची कडी बसवली. पुन्हा पॅलेट, पुन्हा कॅन, पुन्हा घड्याळ. या खेपेला पेट्रोल असं आलं की आवाजच नाही. मग बाईंनी एकेका जोडाला नाक लावलं, अगदी देवळात मूर्तीपुढे वाकावं तसं वाकून, आणि आईला म्हणाल्या, आक्का, आता शिवा. आईनं शिवलं, आणि निळी गोट पहिल्यापेक्षा जरा रुंद लावली. अधिकारी आले, त्यांनी बॅटरी मारून सगळं बघितलं, हे अस्तर कुठल्या कंपनीचं असं विचारलं.

पंख सोडवून, आईच्या गोधड्यांत गुंडाळून, आम्ही विमान टेम्पोनं तापीकडच्या एका खासगी धावपट्टीवर नेलं. पहिल्या दिवशी समीर एकटाच वर गेला. तोच नियम असतो. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो, बाई मात्र जमिनीकडे बघत उभ्या होत्या. नुसत्या ऐकत होत्या. विमान चढ चढून सरळ झालं, इंजिनाचा आवाज जरा खाली आला, तेव्हा त्यांनी मला चहा सांगायला सांगितला.

पुढे परवानगीप्रमाणे पुरेसं उडून झाल्यावर दुसऱ्या माणसाला बसता येऊ लागलं. पहिली फेरी अर्थात बाईंची. उतरल्यावर आम्ही विचारलं, काय काय दिसलं? काही नाही, म्हणाल्या, मी त्या उजव्या नळीकडेच बघत होते. दुसरी फेरी त्यांनी आईला दिली. आई आधी नाही म्हणाली, मग नऊवारीवरून पट्टा कसा बांधायचा याची चौकशी केली, मग जाऊन बसलीच. घरी येताना गाडीत म्हणाली, "खाली एक बाई कपडे वाळत घालीत व्हती. मी हात केला. तिनं वर बघितलंच नाय." हे तिनं पुढे वर्षभर सगळ्या नातेवाईकांना सांगितलं आणि दर वेळी त्या बाईबद्दल तिला तेवढंच वाईट वाटायचं.

नंतर बाईंना एकट्यानं राहणं जमेनासं झालं. सांगलीला धाकटी बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. विमान त्यांनी समीरकडे ठेवलं. फ्लॅट आवरून झाल्यावर त्या आमच्याकडे जेवायला आल्या, चटणीची बरणी पिशवीत ठेवली, आणि मी त्यांना नाशिकरोड स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी उशिरा होती. फलाटावर बसल्या बसल्या मी म्हणालो, सगळं झालं बाई, पण तुम्हाला स्वतःला ते एकदा चालवायला मिळायला हवं होतं. त्यांनी आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना हे बघितलं आणि मला सांगितलं की तिसऱ्या फेरीला, त्या पुन्हा बसल्या तेव्हा, समीरनं विमान चालवायची दांडी त्यांच्या हातात दिली होती. थोडाच वेळ, नदीपासून टेकडीपर्यंत. मग म्हणाल्या, "मी असेपर्यंत हे कुणाला बोलू नका. त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी कुणाला बोललो नाही, आईलासुद्धा नाही. मागच्या हिवाळ्यात सांगलीहून बाईंच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेल्या, त्रास काही झाला नाही, असं ती म्हणाली. मी आणि आई जाऊन आलो. समीरही आला होता. परतताना एका ढाब्यावर आम्ही थांबलो तेव्हा मी त्याला ती फलाटावरची गोष्ट सांगितली आणि आता कुठे लिहिली तर चालेल का असं विचारलं. तो म्हणाला, खुशाल लिहा, ते काम मी कधीच सोडलंय. फक्त एक दुरुस्ती करा.

"थोडाच वेळ कसला," तो म्हणाला. "धावपट्टी दिसायला लागेपर्यंत दांडी त्यांच्याच हातात. उतरवायचं म्हणून मी मागितली, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, थांब रे, अजून एक वळण घेते."